थंडीत पळल्यावर खोकला का येतो?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा, दोन-तीन मिनिटांत होईल.

डिसेंबरात मी सकाळी सहाला तळजाईवर पळायला जायला लागलो. पुण्यात तेव्हा तापमान १० अंशांच्या आसपास. चौथ्या दिवशी घरी आलो आणि कोरडा खोकला सुरू झाला, अर्धा तास थांबेना. आई म्हणाली, "बंद कर ते पळणं!" मलाही वाटलं, इतकी वर्षं खुर्चीत बसून कोड लिहिला, फुप्फुसं गेली कामातून. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, "पळताना श्वास नाकानं घेता की तोंडानं?"

तोंडानं. खोकल्याचं कारण तिथेच होतं.

बघा, फुप्फुसांना हवा लागते ३७ अंशांची आणि वाफेनं पूर्ण भरलेली. अशा एक लिटर हवेत साधारण ४४ मिलीग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. १० अंशांच्या हवेत मात्र लिटरला ९-१० मिलीग्रॅमच वाफ मावते, मग बाहेर कितीही दमट असू दे. उरलेले ३५ मिलीग्रॅम कोण देणार? आपलंच शरीर. दिवसाला आपण साधारण १० हजार लिटर हवा आत घेतो. सगळी हवा इतकी थंड असेल तर गुणाकार येतो ३५० ग्रॅम. म्हणजे मोठा ग्लासभर पाणी, नुसतं हवा ओली करायला!

यातलं बरंचसं काम नाक करतं. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना तीन-तीन वळलेल्या पट्ट्या असतात, साधारण शिंपल्यासारख्या. त्यांच्यावर ओलं अस्तर आणि त्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. हवा या अरुंद फटींतून जाते, म्हणून तिचा जवळजवळ प्रत्येक भाग गरम, ओल्या भिंतीला लागतो. घशापर्यंत पोहोचताना बहुतेक काम झालेलं असतं, राहिलेलं श्वासनलिका पूर्ण करते.

मला सगळ्यात भारी वाटलं ते पुढचं. आत येणारी हवा नाकाचं अस्तर थोडं गार करून जाते. श्वास सोडताना फुप्फुसातली गरम, ओली हवा त्याच गार अस्तराला लागते आणि थोडी वाफ तिथेच पाणी होऊन परत मिळते. थंडीत नाक गळतं, त्यात या पाण्याचाही वाटा असतो.

मग पळताना गडबड कुठे होते? जोरात पळताना हवा कितीतरी पट जास्त लागते. नाकाच्या फटी पुरत नाहीत, तोंड आपोआप उघडतं. तोंडही हवा गरम करतं, पण नाकाइतकं नाही. गार, कोरडी हवा खोल नळ्यांपर्यंत जाते, तिथला ओलावा उडतो, नळ्या चिडतात आणि खोकला येतो. काहींच्या नळ्या चक्क आवळतात.

नाकाची खरी किंमत कळते ती गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेल्या पेशंटना. त्यांचा श्वास नाकातून जातच नाही. हवा कोरडी राहिली तर कफ घट्ट होऊन नळी तुंबू शकते. म्हणून नळीवर एक छोटी डबी लावतात. ती सोडलेल्या श्वासातला ओलावा धरून ठेवते आणि पुढच्या श्वासाला परत देते. तिला 'आर्टिफिशियल नोज' असंच म्हणतात.

मी पळणं सोडलं नाही. आता पहिली पंधरा मिनिटं नाकानं श्वास घेता येईल इतक्याच वेगानं जातो. फार थंडी असेल तर टू-व्हीलरवर बांधतो तो स्कार्फ नाका-तोंडावर सैल गुंडाळतो, कापडही थोडी ऊब आणि ओलावा धरून ठेवतं. माझा खोकला बराच कमी झाला.

पण एक सांगतो. पळताना छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, छाती आवळली किंवा दम लागून बराच वेळ बसेना, तर स्कार्फवर भागवू नका. तो दमा असू शकतो, त्यावर चांगली औषधं आहेत. डॉक्टरांना दाखवा.

आईला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे तोंड बंद ठेव, हेच ना? ते मी लहानपणापासून सांगतेय."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!