सुट्या भागांना कुलूप : सुरक्षा नेमकी कुणाची?

कळंबसारख्या तालुक्यात शेतमजुराच्या घरात अनेकदा एकच स्मार्टफोन असतो. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा ओटीपी, ई-पीक पाहणी, सगळे त्यावरच. तो फुटला की घराची कामे अडतात. म्हणून मोबाईल दुरुस्तीचा प्रश्न आम्हाला सामाजिक वाटतो.

काही कंपन्या फोनचे सुटे भाग त्याच फोनशी क्रमांकाने जोडून ठेवतात. बाजारातल्या कारागिराने दुसरा डिस्प्ले बसवला, की फोन सूचना दाखवतो किंवा एखादी सोय बंद करतो. हे ग्राहकाच्या सुरक्षेसाठी आहे, असे कंपन्या सांगतात. ते कितपत खरे?

बोटाच्या ठशाच्या सेन्सरबाबत त्यात तथ्य आहे. तिथे बनावट भाग बसवून फोन उघडण्याचा प्रयत्न होऊ शकतो. पण 2016 मध्ये होम बटण बदललेले काही आयफोन ‘एरर 53’ दाखवून पूर्ण बंद पडले. नंतर ॲपलने माफी मागून सुधारणा दिली : फोन चालू, फक्त ठशाची सोय बंद. म्हणजे सुरक्षेसाठी एवढेच पुरेसे होते. या प्रकरणात ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने 2018 मध्ये ॲपलला 90 लाख डॉलरचा दंड केला.

बदललेल्या टचस्क्रीनमधूनही हल्ला करता येतो, हे इस्रायलच्या बेन गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले. तो धोका नाकारून चालणार नाही. मात्र त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनचा ओरिजनल भागही नाकारला जात असेल, तर ‘बनावट भागाचा धोका’ हे कारण टिकत नाही. चोरीची भीती असेल, तर चोरीला गेलेल्या फोनचेच भाग अडवावेत. बॅटरीचा धोका वेगळा आहे. ती फुगू नये, पेटू नये यासाठी दर्जाची तपासणी हवी. क्रमांक जुळवून तो दर्जा कळत नाही.

अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2021 च्या अहवालात दुरुस्तीवरील निर्बंधांच्या समर्थनार्थ फारच थोडा पुरावा असल्याचे म्हटले. ओरेगन राज्याने 2024 मध्ये अशा जोडणीवर बंधने घालणारा कायदा केला. आपल्याकडे केंद्राने 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केले. पण सुट्या भागांच्या कुलपावर स्पष्ट कायदा हवा.

तोवर एवढे करा : दुरुस्तीपूर्वी फोनमधील माहितीची प्रत घ्या, सिम काढून ठेवा, गरज नसताना पिन सांगू नका आणि बसवलेल्या भागाचे बिल मागा. सुरक्षा जपायलाच हवी. पण तिच्या नावाखाली गरिबाचा फोन आणि गावच्या कारागिराची रोजीरोटी बंद पडू नये.