पाण्याखालची स्कूटर आणि तिची निगा

विहिरीतून पाणी शेंदताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. भरलेली घागर पाण्यात असते तोवर हलकी लागते. ती पाण्याबाहेर आली, की दोर एकदम जड होतो. घागर तीच, दोर तोच. मग मघाशी वजन कुठे गेले होते? ते पाण्याने खालून उचलून धरले होते. पाण्यात शिरलेल्या प्रत्येक वस्तूला पाणी असेच वर लोटत असते. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. आजचा धडा समजायला ती उपयोगी पडेल.

आम्ही शाळेत पुष्कळ वर्षे मुलांना शिकवले. पण आज जे सांगणार आहोत, ते आम्हाला आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने शिकवले. तो मालवणच्या किनाऱ्यावर राहतो. मालवण-तारकर्लीला लांबलांबचे लोक पाण्याखालचे मासे आणि पोवळी पाहायला येतात. पाठीवर हवेची टाकी बांधून ते बुडी मारतात. त्यांना पाण्यात नेण्याचे काम हा करतो. एके दिवशी तो आम्हाला हाताला धरून आपल्या पडवीत घेऊन गेला आणि म्हणाला, "गुरुजी, ही बघा स्कूटर. हिका चाकां नाय, धूर नाय!"

खरेच, चाके नव्हती. होती ती एक जाड, लांबट नळी. पुढे निमुळती, मागे पंखा. हिला म्हणायचे पाण्याखालची स्कूटर.

ही चालते कशी?

मासा डोळ्यांपुढे आणा. स्कूटरलाही नाक, पोट आणि शेपूट असते. पोटात बॅटरी असते. शेपटाकडे विजेची मोटार आणि पंखा असतो. पंखा पाणी मागे लोटतो, म्हणून स्कूटर पुढे जाते. मुठीपाशी एक खटका असतो. तो दाबून धरला तर पंखा फिरतो, सोडला की थांबतो. पाणबुड्या तिच्या मागे आडवा होऊन ओढला जातो. वेग आपल्या चालण्याइतकाच असतो. पण पाण्यात पाय मारून एवढा वेग गाठायचा म्हणजे माणसाची दमछाक होते.

ही कल्पना आजची नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ सालच्या डिसेंबर महिन्यात, इटलीचे सहा नौसैनिक अशाच विजेवरच्या लांबट यंत्रांवर घोड्यासारखे बसून गेले. रात्री ते इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदरात शिरले आणि त्यांनी इंग्रजांच्या दोन मोठ्या युद्धनौका निकामी केल्या. लढाईसाठी निघालेले ते यंत्र पुढे लहान झाले. आता ते समुद्राचा अभ्यास करणारे आणि हौसेने बुडी मारणारे लोक वापरतात.

झाकणाची रिंग

आता खरी गोष्ट ऐका. पाण्यात चालणाऱ्या या यंत्राचा मोठा वैरी कोण? पाणीच! बॅटरी आणि मोटार कोरडी राहिली तर यंत्र जगते. आत पाणी गेले की खेळ खलास.

बॅटरी काढण्या-घालण्यासाठी स्कूटरचे पोट उघडावे लागते. उघडते ते पाणीही आत घेऊ शकते. म्हणून झाकणाच्या खाचेत रबराची एक गोल रिंग बसवलेली असते. स्वयंपाकघरातल्या कुकरला असते ना, तशीच, पण बारीक. कुकरच्या रिंगेखाली भाताचे शीत अडकले तर काय होते? फसफस वाफ जाते, शिटी होत नाही. इथेही तसेच. फरक इतकाच, की कुकरमधून वाफ बाहेर जाते आणि इथे समुद्र आत येतो.

समुद्र किती जोराने येतो, ते हिशेबाने पाहू. दहा मीटर खोल गेले, की पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढतो. वीस सेंटिमीटर रुंदीचे गोल झाकण धरा. त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे त्या झाकणावर सुमारे ३१४ किलो भार पडला. तीन क्विंटल भाताची पोती ठेवावी तसा! एवढा भार अडवायचा कोणी? त्या बारीक रिंगेने.

म्हणून रिंगेची निगा अशी राखावी:

आधी हात धुऊन कोरडे करावेत. रिंग बोटांनी हलकेच दाबून वर काढावी. सुई, खिळा किंवा पेचकस लावू नये. ओरखडा पडला, की रिंग वाया गेली. मग ती दोन बोटांतून सावकाश फिरवावी. वाळूचा कण असेल तर बोटाला लागतो. चीर असेल तर किंचित ताणल्यावर दिसते. चिरलेली, चपटी झालेली रिंग लगेच बदलावी. तिच्यासाठी चार पैशांची काटकसर करू नये.

खाच आणि झाकणाची कड सूत न सोडणाऱ्या स्वच्छ फडक्याने पुसावी. मग रिंगेला ग्रीस लावावे. कोणते? यंत्राच्या पुस्तकात सांगितले असेल तेच. घरातले खोबरेल किंवा गाडीचे ग्रीस लावू नये. काही तेलांनी रबर फुगते. ग्रीस किती लावावे? रिंग नुसती चकचकीत दिसेल इतकेच. ग्रीस पाणी अडवत नाही, पाणी रिंग अडवते. ग्रीसने रिंग फक्त नीट बसते. थापून लावले तर त्यालाच वाळू चिकटते.

झाकण बसवल्यावर चारही बाजूंनी पाहावे. मग स्कूटर गोड्या पाण्याच्या टाकीत बुडवून पाच मिनिटे धरावी. बुडबुड्यांची माळ एकाच जागेहून येत राहिली, तर तिथे गळती आहे असे समजावे. "टाकी ती केवढी, तिथे काय कळणार?" असे म्हणू नये. खोलात दाबामुळे झाकण उलट घट्ट बसते. गळायचे ते पुष्कळदा उथळ पाण्यातच गळते.

वजन जुळवणे

आता ती घागर आठवा. पाणी स्कूटरलाही वर लोटते. ती फार हलकी असेल तर पाणबुड्याला वर ओढेल. फार जड असेल तर खाली नेईल. म्हणून तिच्यात शिशाचे तुकडे ठेवून वजन जुळवतात. पाण्यात हात सोडला तर ती जागच्या जागी राहावी, फार तर सावकाश वर यावी. नाक वर किंवा शेपूट खाली असेही नको. आडवी, सरळ राहिली पाहिजे.

इथे पुष्कळजण फसतात. घरच्या टाकीत वजन जुळवतात आणि समुद्रात गेल्यावर स्कूटर वर येऊ लागते. का बरे? समुद्राच्या पाण्यात मीठ असते, म्हणून ते जड असते. गोडे पाणी लिटरला एक किलो, तर समुद्राचे लिटरला सुमारे एक किलो पंचवीस ग्रॅम. स्कूटर वीस लिटर पाण्याची जागा घेत असेल, तर वीस गुणिले पंचवीस म्हणजे पाचशे ग्रॅम. समुद्रात ती अर्धा किलो हलकी झाली! तेवढे वजन पोटात वाढवावे आणि किनाऱ्याजवळ पुन्हा पाहून घ्यावे.

मोठ्या स्कूटरला एक दोरी असते. ती पाणबुड्याच्या कमरेच्या पट्ट्याला कडीने अडकवतात. ओढ पट्ट्यावर यावी, हातांवर येऊ नये. हात किंचित वाकलेले राहतील इतकी दोरी लांब ठेवावी. आणि ती कडी एका हाताने, डोळे मिटून उघडता आली पाहिजे. हे का, ते पुढे कळेल.

बॅटरी आणि पंखा

बॅटरी तिच्याच चार्जरने, कोरड्या जागी, कोणाच्या तरी नजरेसमोर भरावी. लिथियमची बॅटरी बिघडली तर पेट घेते, म्हणून रात्री लावून झोपू नये. जुन्या धाटणीची शिशाची बॅटरी असेल तर पोट उघडे ठेवून भरावी. भरताना तिच्यातून निघणारा वायू कोंडला आणि ठिणगी पडली, तर स्फोट होतो. पावसाळ्यात समुद्रातले काम बंद असते. त्या वेळी लिथियमची बॅटरी निम्मी भरून, काढून, थंड जागी ठेवावी आणि महिन्याने पाहत जावी.

पंख्याला हात लावण्याआधी बॅटरीची जोडणी काढावी. खटका चुकून दाबला गेला तर बोटे जातात. पंख्याच्या दांड्यात गळाची दोरी किंवा जाळ्याचा धागा गुंतला आहे का, ते पाहावे. असा धागा फिरून फिरून दांड्याभोवतीचे रबर कापतो आणि तिथूनही पाणी शिरते.

समुद्रातून आल्यावर स्कूटर गोड्या पाण्यात बुडवून ठेवावी, धुवावी आणि सावलीत वाळवावी. वाळल्याशिवाय पोट उघडू नये. ओल्या झाकणाचा एक थेंबही आत पडायला नको.

त्या दिवशी काय झाले

आमच्या विद्यार्थ्याला हे सगळे ठाऊक होते. स्कूटर त्याने कर्ज काढून घेतली होती. तळहातावरच्या फोडासारखी तो तिला जपे. पण पावसाळा संपला, पहिलेच पाहुणे यायचे होते आणि त्याआधी स्वतः एक फेरी मारून पाहावी म्हणून तो घाईत निघाला. रिंग काढून पाहिली नाही. टाकीत बुडवली नाही. "काल-परवा तर बघितली होती," असे म्हणाला आणि सोबत्याला घेऊन गेला.

बारा मीटर पाण्यात मोटार एकदम थांबली. हातातली स्कूटर जड होऊ लागली. पोटात पाणी भरत होते. तिची दोरी त्याच्या कमरेला होती. ती त्याला खाली ओढू लागली. क्षणभर त्याने तिला धरून ठेवले. कर्जाची वस्तू, कशी सोडवेल? मग त्याने कडी उघडली. स्कूटर तळाला गेली. तो आणि सोबती सावकाश वर आले, तेव्हा किनारा दूर होता. पाण्याची ओढ उलटी होती. पाय मारीत, दमत, पाऊण तासाने ते वाळूला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर शोधून वर आणली. उघडली. रिंगेवर आडवा पडलेला एक केस होता. "एकच केस होतो, गुरुजी!" असे म्हणून तो कितीतरी वेळ गप्प बसला. बॅटरी आणि मोटार दोन्ही गेली होती. खारे पाणी शिरलेली बॅटरी वाळवून पुन्हा वापरायची नसते. ती नंतरही पेटू शकते. म्हणून त्याने ती घरापासून लांब, उघड्यावर ठेवली. कर्जाचे हप्ते मात्र त्याला भरावेच लागले.

तरी आम्ही म्हणतो, कडी उघडली हे फार चांगले केले. यंत्र पुन्हा घेता येते.

यावरून दोन नियम शिकावेत. पहिला, बॅटरीचे तीन भाग करावेत. ती साठ मिनिटे चालत असेल, तर वीस मिनिटे जाण्याची, वीस येण्याची आणि वीस अडचणीसाठी. टाकीतल्या हवेचा हिशेबही असाच. दुसरा, स्कूटर बंद पडली तर पोहत परत येता येईल, त्यापलीकडे जाऊ नये. ताशी तीन किलोमीटरने वीस मिनिटांत माणूस एक किलोमीटर जातो. पोहत यायला त्याला दुप्पट वेळ लागतो, आणि तेवढी हवा टाकीत उरली पाहिजे.

आणखी एक. स्कूटर माणसाला पटकन वर नेते. वर येताना श्वास कधीही रोखू नये. फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटते. वर यायचे ते सावकाश, श्वास चालू ठेवून. हे सारे जाणत्या शिक्षकाकडून शिकल्यावाचून स्कूटरला हात लावू नये. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची बुडी शिकवणारी संस्था आहे.

भिंतीवरची यादी

आता त्याच्याकडे दुसरी स्कूटर आहे. तिच्या वरच्या भिंतीवर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे:

१. रिंग काढून पाहिली?
२. खाच पुसली?
३. टाकीत बुडवली?
४. वजन जुळले?
५. पंखा मोकळा आहे?
६. बॅटरी भरली?
७. कडी एका हाताने उघडते?

होडीवर एक म्हातारा खलाशी आहे. साठी उलटल्यावर तो रात्रीच्या वर्गात वाचायला शिकला. रोज सकाळी तोच एकेक ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचतो. विद्यार्थी प्रत्येक ओळीला "हो" म्हणतो. एकाही ओळीला "नाही" आले, तर म्हातारा होडी सोडत नाही. पाहुणे कितीही घाई करोत!

आम्ही त्याला विचारले, "तुम्हाला तर ही यादी पाठच झाली असेल. मग रोज वाचता कशाला?"

तो म्हणाला, "पाठ असलेलं माणूस गाळतो, गुरुजी. लिहिलेलं गळत नाही."