ताण दे म्हणाले, आणि दुखणं वाढलं : हॅमस्ट्रिंग, धावणं आणि पेपर वाचायची पद्धत

मागच्या दिवाळीत गावी, निमगाव सावाला गेले होते. माझा मामेभाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. एकूण गुण ५०, त्यातले २० एकट्या १६०० मीटरला. आमच्या भागात उसात बिबट्या असतो, त्यामुळे पोरं उजाडल्याशिवाय रस्त्यावर उतरत नाहीत. पुढे शेतातली कामं वाट बघत असतात. मग वेळ वाचवायचा तर पहिली कात्री वॉर्म-अपला लागते.

तो म्हणाला, "ताई, बसलं की बुडाच्या हाडापाशी दुखतं. पळायला लागलो की आधी दुखतं, मग कमी होतं, आणि संध्याकाळी परत ठणकतं." मी पीएच.डी. करते म्हटल्यावर घरात सगळे माझ्याकडेच बघत होते. मी ठामपणे सांगून टाकलं, "हॅमस्ट्रिंग आखडलंय. वाकून पायाचे अंगठे धर, अर्धा मिनिट थांब, रोज कर."

दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. दुखणं वाढलं होतं. आता त्याला मोटारसायकलवरही बसवत नव्हतं. शेवटी फिजिओथेरपिस्टने तपासलं आणि पहिलं काम काय केलं, तर मी सांगितलेला ताण बंद केला.

माझं कुठे चुकलं, ते आज लिहिते.

आधी रचना समजून घेऊ

मांडीच्या मागे तीन स्नायू असतात, त्यांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. आपण बसतो तेव्हा ज्या हाडावर भार येतो, तिथून ते निघतात आणि गुडघ्याच्या खाली जोडले जातात. गुडघा वाकवणं आणि मांडी मागे नेणं ही त्यांची दोन मुख्य कामं.

पळताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा जमिनीला टेकायच्या आधी त्याला ब्रेक लावावा लागतो. हा ब्रेक म्हणजे हॅमस्ट्रिंग. विहिरीत भरलेली घागर सोडताना आपण दोर सोडतही असतो आणि धरूनही ठेवतो, तसंच हे काम. स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी जोर लावत असतो. वेग जितका जास्त, तितका हा जोर जास्त. म्हणून १०० मीटरच्या धावेत मांडीत अचानक कळ येते आणि धावणारा तिथेच थांबतो. हा स्नायूला पडलेला ताण किंवा चीर.

लांब पळणाऱ्यांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. स्नायू हाडाला बांधणारी जी दोरी असते, म्हणजे कंडरा, ती बुडाच्या हाडापाशी हळूहळू दुखावते. हे एका दिवसात होत नाही. चढ, अचानक वाढवलेलं अंतर किंवा वेग, यांनी ते साठत जातं. माझ्या भावाचं दुखणं या प्रकारचं होतं. खूप पुढे वाकलं की ही कंडरा त्याच हाडावर दाबली जाते. म्हणजे मी त्याला जो उपाय सांगितला, तो दुखऱ्या जागेवर रोज दाब देत होता.

तीन अभ्यास, तीन धडे

परत आल्यावर मी नीट वाचायला बसले.

पहिला अभ्यास २००० सालचा, पोप आणि सहकाऱ्यांचा. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातले १५३८ नवे जवान. एका गटाने व्यायामाआधी पायांचे स्नायू ताणले, दुसऱ्याने नाही. १२ आठवड्यांत पायाच्या दुखापती झाल्या ताणणाऱ्या गटात १५८ आणि न ताणणाऱ्या गटात १७५. गटांचा आकार लक्षात घेतला तर हा फरक ठोस ठरला नाही. आपल्या भरतीच्या पोरांच्या जवळ जाणारा हा अभ्यास, आणि तो सांगतो की नुसत्या ताणण्यावर विसंबू नका.

दुसरा २०११ सालचा, पीटरसन आणि सहकाऱ्यांचा. डेन्मार्कचे ९४२ फुटबॉलपटू. एका गटाला नॉर्डिक व्यायाम दिला. यात गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. थोडक्यात, घागर सोडायचाच सराव. त्या गटात हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, दुसऱ्यात ५२. फरक मोठा आहे. पण हे फुटबॉलपटू होते, आणि मोजलेली दुखापत अचानक होणारी होती. लांब पळणाऱ्याच्या कंडरेला तितकाच फायदा होईल, असं हा पेपर सांगत नाही.

तिसरा २००८ सालचा, नेदरलँड्सचा. 'आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका' हा नियम आपण सगळ्यांनी ऐकलाय. बुइस्ट आणि सहकाऱ्यांनी नवख्या धावपटूंचे दोन गट केले. एकाने या नियमाने हळूहळू वाढवलं, दुसऱ्याने नेहमीच्या पद्धतीने. दुखापतीचं प्रमाण २०.८ आणि २०.३ टक्के. जवळपास सारखंच! याचा अर्थ अंतर कसंही वाढवा असा नाही. एवढाच की या गटात, या रीतीने तो नियम वापरून फायदा दिसला नाही.

मग पोरांनी करायचं काय?

भावाला फिजिओने दिलेला क्रम साधा होता. पळणं पूर्ण बंद नाही, पण चढ आणि १०० मीटरचा वेग काही काळ बंद. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलून धरायची. ते जमलं की एका पायावर. नॉर्डिक त्यानंतर, तेही मोजकंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल, तर आदला दिवस जास्त झाला असं समजायचं. ज्यांना अजून काही झालेलं नाही, त्यांनी पाच-दहा मिनिटं हळू पळून मगच वेग घ्यावा, आणि अंतर व वेग एकाच आठवड्यात वाढवू नये.

पळताना मांडीत टचकन आवाज आला, काळंनिळं पडलं, चालता येईना, किंवा कंबरेपासून पायात मुंग्या येऊ लागल्या, तर घरगुती उपाय नकोत. थेट डॉक्टर गाठा.

संशोधनाच्या तयारीत असणाऱ्यांसाठी

माझी चूक वाचनाची होती. 'ताणल्याने दुखापत टळते' हे मी कुठेतरी ऐकलं होतं, तपासलं नव्हतं. आता कुठलाही पेपर घेतला की चार प्रश्न वहीत लिहिते. कोणावर केलं? नेमकी कोणती दुखापत मोजली? तुलना कशाशी केली? आणि माझ्यासमोरचा माणूस त्या लोकांसारखा आहे का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर पेपरमध्ये सापडत नाही, ते आपल्यालाच द्यावं लागतं. मुलाखतीत 'या अभ्यासाची मर्यादा सांगा' असं विचारलं की बरेच जण 'नमुना लहान होता' म्हणून सुटतात. पण १५३८ जण असले तरी ते तुमच्या गावचे नसतात, हीसुद्धा मर्यादाच आहे.

भाऊ आता पुन्हा पळतोय, पण भरतीला वयाची अट असते आणि त्याचे ते दोन महिने गेलेच. परवा त्याला नवा व्यायाम सुचवला, तर म्हणाला, "ताई, आधी सांग, हे कुणावर करून बघितलंय?"