बिडी न ओढताही फुप्फुसे का झिजतात?

बिडीला कधी हातही न लावलेली पन्नाशीची गृहिणी जिना चढताना धापा टाकू लागली, की 'वय झाले' किंवा 'दमा असेल' असे म्हणून विषय मिटविला जातो. प्रत्यक्षात तो 'सीओपीडी', म्हणजेच श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट विकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये या विकाराने जगभरात सुमारे ३५ लाख बळी घेतले.

धूम्रपान हे त्याचे सर्वपरिचित कारण. श्रीमंत देशांतील ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या मुळाशी तंबाखूचा धूर असतो. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र हे प्रमाण ३० ते ४० टक्केच आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखात धूम्रपान न करणाऱ्या रुग्णांकडेच लक्ष वेधले होते.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत ही अन्य कारणे बव्हंशी शेतीशी निगडित आहेत. वेचणी संपली की पऱ्हाटी सरपण म्हणून चुलीत जाते. तिच्या धुरातील सूक्ष्म कणांमुळे श्वासनलिकांना सूज येते, कफ वाढतो आणि वायुकोशांच्या भिंती झिजतात. उज्ज्वला योजनेमुळे २०१६ पासून अनेक घरांत गॅस आला. तरीही पाणी तापविण्यासाठी वा भाकरीसाठी चूल पेटतेच. तिच्याजवळ सर्वाधिक वेळ असते ती गृहिणी, आणि तिच्या कडेवरचे मूल.

दुसरे कारण धूळ. जिनिंगमध्ये रुई व सरकी वेगळी करताना उडणारे तंतू आणि डाळमिलमधील भुसा कामगारांच्या छातीत जातो. आठवडी सुटीनंतर कामावर परतताच छाती आवळल्यासारखी वाटणे, हे कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या 'बिसिनोसिस'चे लक्षण होय. कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये त्याची व्यवसायजन्य रोग म्हणून नोंद होती. पूर्वी झालेला क्षयरोग, बालपणीचे श्वसनसंसर्ग व क्वचित आनुवंशिक दोषही धोका वाढवितात.

झिजलेली फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत. मात्र धूर व धूळ टाळल्यास झीज मंदावते. आरंभीच्या अवस्थेत एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. त्यामुळे खोकला, कफ वा धाप दीर्घकाळ टिकल्यास जोराने फुंकून करावयाची 'स्पायरोमेट्री' चाचणी करून घेणे हिताचे. डॉक्टरांना 'बिडी ओढत नाही' एवढेच न सांगता चूल आणि कामाची जागा यांचीही माहिती अवश्य द्यावी.