स्पीकरचा घुमारा गेला कुठे?

हप्ते आणि वह्या आज जरा बाजूला ठेवू आणि स्पीकरबद्दल बोलू. भजन असो, हळदीकुंकू असो की गटाची बैठक, तो आता सगळ्यालाच लागतो. सोयगाव भागात आम्ही बैठकांना जातो तेव्हा एक तक्रार कानावर येते: "ताई, गाणारीचा आवाज येतो, टाळ तर कानात टोचतात, पण पखवाज काही घुमत नाही." दुकानदाराला विचारलं की तो म्हणतो, नवा संच घ्या. मग विषय बैठकीत येतो. गटाची बचत म्हणजे कुणाचं बियाणं, कुणाचा दवाखाना. म्हणून त्या पैशाला हात लावण्याआधी काय तपासायचं, ते आज पाहू. यातल्या बऱ्याच गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

आधी घुमारा म्हणजे काय ते समजून घेऊ. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, हे आपण पाहिलेलं आहे. कणकेच्या वजनानं चामडं सावकाश हलतं आणि आवाज खोल निघतो. स्पीकरमध्ये हे काम मोठा गोल पडदा करतो, त्याला वूफर म्हणतात. खोल आवाजाला म्हणतात बेस. सेकंदाला 50 ते 100 वेळा हवा हलली की असा आवाज होतो. टाळांच्या किणकिणाटात ती काही हजार वेळा हलते. बेससाठी पडद्याला खूप हवा ढकलावी लागते, म्हणून काही बिघडलं की बेसच आधी जातो.

पहिली तपासणी पिनची. मोबाईलची वायर स्पीकरला जोडतो, ती पिन अर्धवट बसली तर आवाज पोकळ येतो. बेस आणि कधीकधी गाणारीचा आवाजही गायब होतो. पिन पूर्ण आत दाबा. मोबाईलमधली आवाजाची सेटिंग आणि संचावरचं बेसचं बटण पाहा. सबवूफरचा मोठा डबा वेगळा असेल तर त्याचं बटण वेगळं असतं, पुसताना फिरलेलं असू शकतं.

दुसरी तपासणी वायरींची. प्रत्येक डब्याला दोन वायरी जातात, बहुधा एक लाल आणि एक काळी. दोन्ही डब्यांना त्या सारख्याच लागल्या पाहिजेत. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या आणि एकीनं उजवीकडे, दुसरीनं डावीकडे ओढलं, तर जातं फिरेल का? तसंच इथं होतं. एका डब्याच्या वायरी उलट लागल्या तर एक पडदा हवा पुढे ढकलतो, तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि बेस आपसातच मरतो. वायर कुणी तोडून पुन्हा जोडली असेल तर हे नक्की पाहा. संच बंद करा, प्लग बोर्डातून काढा आणि एकाच डब्याच्या दोन वायरी अदलाबदल करा. वायरीचे मोकळे तार एकमेकांना चिकटू देऊ नका, नाहीतर संच जळेल. मग तेच भजन दोन्ही डब्यांच्या मध्ये बसून ऐका. घुमारा वाढला तर तसंच राहू द्या, नाही वाढला तर पहिल्यासारखं करा.

तिसरी तपासणी जागेची. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणून 50 कंपनांच्या बेसची एक लाट जवळजवळ 7 मीटर, म्हणजे 22 फूट लांब असते. एवढी लाट लहान खोलीत भिंतीवर आपटून परत येते, आणि कुठे जोर धरते, कुठे विरते. खोलीच्या मधोमध ती बऱ्याचदा विरते, भिंतीजवळ आणि कोपऱ्यात वाढते. म्हणून डबा मधून उचलून भिंतीपाशी, मग कोपऱ्यात ठेवून पाहा. ऐकणाऱ्यांनीही जागा बदलून पाहावी.

खोली पत्र्याची असेल तर आणखी एक गोष्ट. फर्दापूरजवळच्या अजिंठा लेण्यांत हलक्या आवाजात बोललं तरी तो घुमत राहतो, कारण दगड हलत नाही, लाट आतच फिरते. पत्रा थरथरतो आणि खोल आवाज त्यातून बाहेर निघून जातो. म्हणून पत्र्याच्या खोलीत डबा विटांच्या भिंतीला लावा. गोधड्या टांगल्या तर टाळांचा कर्कशपणा आणि प्रतिध्वनी कमी होतो, पण बेस वाढत नाही.

चौथी तपासणी डब्याची. बॅटरीच्या उजेडात पडदा पाहा. कडेची फोमची किंवा रबराची गोल पट्टी उन्हानं, वयानं भुगा होते, आणि उंदीरही कागद कुरतडतात. मागची फळी सैल असेल तर स्क्रू आवळा, कारण पडद्याच्या मागची हवा फटीतून पुढे आली की बेस कमी होतो. पण डब्याला कंपनीनं ठेवलेलं गोल छिद्र बेससाठीच असतं, त्यात कापड कोंबू नका. फक्त कडेची पट्टी गेली असेल तर दुरुस्तीवाला ती बदलून देऊ शकतो. नवा संच घेण्यापेक्षा आधी ते विचारा.

पाचवी, विजेची. संध्याकाळी पंखा मंद फिरतो आणि त्याच वेळी पखवाजाचा ठोका बसतो, तर दोष दाबाचा असू शकतो. दुपारी तोच संच चांगला वाजतो का, ते तपासा.

एवढं करूनही घुमारा आला नाही, तर पडद्याचं माप घ्या. तीन इंची पडदा पखवाजाचा खोल ठोका देऊ शकत नाही. बटण पूर्ण फिरवलं तर पडदा फाटेल, आवाज घरघरेल. तेव्हा मोठ्या वूफरचा विचार करा, पण दुकानात तेच भजन लावून, आपल्याच कानांनी ऐकून.

पुढच्या बैठकीत दोघी-तिघी मिळून या पाच तपासण्या करा, वहीत लिहा, मगच खर्चाचा ठराव घ्या. वायरीचं काम आपल्याला येत नाही, असं म्हणू नका. शेवयांचं मशीन चालवतो, पिठाची चक्की दुरुस्त करतो, तर लाल-काळी वायर ओळखणं काय अवघड?