तुमची रास नेमकी कोणती?

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवसांत निलंग्याच्या शिवारात पहाटे उभं राहा आणि सूर्य कोणत्या झाडामागून उगवतो ते रोज टिपा. 22 डिसेंबरच्या सुमारास ती जागा दक्षिणेकडे सरकायची थांबते, मग उत्तरेला वळते. उत्तरायण खरं तेव्हाच लागतं. मकर संक्रांत मात्र 14-15 जानेवारीला! हा फरक राशी मोजण्याच्या पद्धतीतून येतो.

पाश्चात्त्य ज्योतिषात मेष रास वसंतसंपातापासून, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य असतो त्या बिंदूपासून, सुरू होते. ही सायन पद्धत. आपली निरयन पद्धत ताऱ्यांपासून मोजते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, म्हणून संपातबिंदू 72 वर्षांत साधारण एक अंश मागे सरकतो. आज दोन्ही पद्धतींच्या आरंभबिंदूंमधलं अंतर, म्हणजे अयनांश, सुमारे 24 अंश झालंय. त्यामुळे 5 एप्रिलला जन्मलेल्याचा सूर्य तिकडे मेषेत, इकडे मीनेत. शिवाय आपण 'माझी रास' म्हणतो ती चंद्राची, त्यांची सूर्याची.

मोजायचं कोणत्या ताऱ्यापासून, यावर महाराष्ट्रातच मोठा वाद झाला. लोकमान्य टिळकांनी रेवतीचा तारा धरला. चित्रा ताऱ्यावरून मोजणाऱ्या पंचांगांपेक्षा त्यांचा अयनांश सुमारे चार अंशांनी कमी. म्हणून टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत तिळगूळ 10 जानेवारीलाच वाटला जातो.