रामचकोर पाहायला रुंबकच्या वाटेवर

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, 1,646 मीटरचे. लडाखमधील लेह हे शहर वसले आहे तेच मुळी 3,500 मीटरवर. आणि आम्हाला पाहायचा होता तो पक्षी उन्हाळ्यात त्याच्याही वर, 4,000 ते 5,000 मीटरच्या उघड्याबोडक्या खडकाळ उतारांवर राहतो. त्याचे नाव रामचकोर. इंग्रजीत स्नोकॉक म्हणतात. तेव्हा वाचकहो, अगोदर श्वासाचे सांगतो, पक्ष्याचे नंतर.

लेहला पोचल्यावर आम्ही चौघांनी दोन दिवस काहीच केले नाही. वर्षभर पैसे साठवून, रजा जुळवून गेलेल्या नोकरदार माणसाला असे लॉजवर बसून राहणे जिवावर येते. पण तिथली हवा विरळ. शरीराला सवय व्हायला वेळ द्यावाच लागतो. डोके ठणकले, उलटी झाली तर पुढे चढायचे नाही. त्रास वाढला तर तडक खाली उतरायचे. इथे मर्दुमकी दाखवणारे जिवाला मुकतात.

तिसऱ्या दिवशी झिंगचेनपर्यंत गाडीने आणि तिथून ओढ्याच्या काठाने चालत रुंबक गाठले. हे गाव 1981 साली स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात आहे. मूठभर घरे, जवाची शेते, मेंढ्या. पूर्वी हिमबिबट्या गोठ्यात शिरून मेंढ्या मारायचा, म्हणून गावकरी त्याच्या जिवावर उठत. 2000 नंतर पाहुण्यांना घरातच उतरवण्याची व्यवस्था सुरू झाली आणि रानातले जनावर जिवंत राहण्यात चार पैसे दिसू लागले. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या आमा-लेंनी (तिकडे आईला असे म्हणतात) खारा लोण्याचा चहा आणि गरम थुक्पा पुढे ठेवला. आमच्या मुक्कामाचे पैसे थेट त्यांच्या हातात पडले, मध्ये कोणी दलाल नाही. आम्हा युनियनवाल्यांना हे विशेष भावले.

सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. पहाटे युरुत्सेच्या दिशेने निघालो. वाटेत लहान चकोर पुष्कळ दिसले. लाल चोच आणि डोळ्यावरून गळ्यापर्यंत काळा पट्टा, ही त्यांची खूण. रामचकोर त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा. वजन दोन-तीन किलो, अंग राखाडी, गळा पांढरा आणि त्याच्या कडेने तांबूस रेघा. दगडात बसला की दगडच.

आधी आवाज आला. लांबलचक, चढत जाणारी शीळ, एखाद्या पोराने कड्यावरून मारावी तशी. मग वाटाड्याने बोट दाखवले. सहा पक्षी उतारावर चरत होते, पायांनी माती उकरून मुळे-कंद टिपत होते. आमच्यातला एकजण जवळ जायला उठला, तसे तेही निवांतपणे वर चालू लागले. वाटाडा हिंदीत म्हणाला, "भैया, बैठ जाओ. ऊपर वो जीतेगा."

त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे. हा पक्षी सकाळी खालच्या उतारावर येतो आणि दिवसभर चरत चरत पायीच डोंगर चढतो. मागे लागाल तितका तो वर जाईल, आणि माथा आला की पंख पसरून दरीपार होईल. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने याच गुणासाठी तो मागवला. हुंझा भागातून आणलेले पक्षी आणि त्यांची वीण 1963 ते 1979 या काळात तिथल्या रूबी पर्वतात सोडली आणि 1980 मध्ये शिकार खुली केली. तिथेही बरेच शिकारी दिवसभर धापा टाकून हात हलवत परततात म्हणे. आपल्याकडे त्याची शिकार हा गुन्हा आहे. बंदुकीपेक्षा दुर्बीण स्वस्तही पडते.

आम्ही दगडाला टेकून बसून राहिलो. अर्धा तास तरी झाला असेल. एक पक्षी उंच खडकावर मान ताठ करून पहारा देत होता, बाकीचे खात होते. एवढ्यात सोनेरी गरुड कड्याआडून आला. पहारेकऱ्याने शीळ घातली आणि साऱ्यांनी एकदम दरीत झेप घेतली. पंखांतला पांढरा रंग चमकला. पंख न हलवता ते आमच्या पायांखालून सरळ पलीकडच्या डोंगराकडे निघाले.

दुर्बीण एकच होती. चौथ्याच्या हाती येईपर्यंत ते पलीकडे उतरून पुन्हा चरत वर चढू लागले होते.